टोपलीतली मुशी नेमकी कोण? (मुशी, पाकट आणि त्यांचा गोतावळा)

हर्णैकर (धागाकर्ता)

पाककृती विभागात मुशीच्या कालवणावरून जुंपलेली वाचली. एकाचं म्हणणं, मुशी म्हणजे शार्क नव्हेच. दुसऱ्याच्या मते ती शार्कची पिल्लं असतात. तिसऱ्याने तर मुशी खाणं कायद्याने बंद आहे असं जाहीरच करून टाकलं. पहिला साफ चुकलाय. बाकी दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून भांडण मिटत नाहीये. मसाल्यात प्राणिशास्त्र कालवायला नको, म्हणून हा वेगळा धागा. नोकरीभर बीएस्सीच्या मुलांना हाच प्राणी शिकवला, तेव्हा लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे बाजारात हातभर लांबीची, करड्या अंगाची, पसरट चपट्या नाकाची जी मुशी नेहमी दिसते, ती शास्त्रीय नावाने स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस. ही शार्कच, आणि पिल्लूही नव्हे. पुरती वाढलेली मादीसुद्धा पाऊण मीटरच्या आतच राहते. १९२८ साली लखनौच्या एडिथ मेरी थिल्लयंपलम यांनी या प्राण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि पुढे कित्येक पिढ्या देशभरच्या प्रयोगशाळांत त्याचीच चिरफाड झाली. आता विच्छेदन बंद झालंय, ते एका अर्थी बरंच झालं. फॉर्मॅलिनमध्ये कडक झालेल्या मुशीतून मुलं चेतातंतू शोधायची कमी आणि तोडायचीच जास्त.

हिचं खरं नवल पोटात आहे. बहुतेक मासे पाण्यात हजारो-लाखो अंडी सोडून मोकळे होतात. मुशीची मादी गर्भाशयात पिल्लं वाढवते, त्या पिल्लांना नाळ असते, वारही असते. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कमधलं सर्वांत लहान. त्यात बलक जवळजवळ नसतोच. त्यामुळे गर्भ फार लवकर गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो आणि आईच्या रक्तातून पोसला जातो. पाचसहा महिन्यांनी सहापासून अठरापर्यंत पिल्लं होतात. ठरलेला हंगामही नाही, वर्षभर केव्हाही. पिल्लू दोन वर्षांच्या आत स्वतः वयात येतं. शार्कच्या जगात एवढी घाई विरळाच.

आता त्या टोपलीतल्या बाकीच्यांबद्दल. त्याच नावाने आणि बहुधा त्याच भावात कानमुशीची, म्हणजे हातोडीसारखं डोकं असलेल्या शार्कची पिल्लं विकली जातात. पंखांची टोकं काळी असणाऱ्या जातींचीही असतात. ही पोरं जगली असती तर दीड-दोन मीटरच्या पुढे गेली असती. कानमुशी डोक्यावरून कळते, पण बाकीची कशी ओळखायची? सोपं आहे. मासा उताणा करा. छातीच्या दोन पंखांच्या मधोमध पोटावर बारीक फट किंवा व्रण दिसतो का बघा. ती नाळ तुटल्याची जागा. फट अजून उघडी असेल तर जन्माला फार दिवस झालेले नाहीत. आपल्या नेहमीच्या मुशीचं नवजात पिल्लू वीतभरसुद्धा नसतं. मग हातभर लांबीच्या माशाला ताजी नाळ असेल, तर ते कुठल्यातरी मोठ्या शार्कचं बाळ, हे कोळणीला न विचारताही कळतं.

दुसरी खूण पाठीवर. स्कॉलिओडॉनचा मागचा छोटा पंख अगदी मागे सरकलेला असतो. खालचा गुदपंख जिथे संपत येतो, तिथे तो सुरू होतो.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.


मुग्धा_कोथरूड

सर, मस्त धागा. दोन शंका. मुशीला तो फिनाइलच्या बाटलीजवळ गेल्यासारखा वास का येतो? बांगड्याला, पापलेटला नाही येत. आणि नणंद बाळंत झालीये, सासूबाई तिच्यासाठी रोज मुशी आणायला सांगतायत, दूध वाढतं म्हणून. द्यावी का?


हर्णैकर (धागाकर्ता)

वासाचं सांगतो. दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टर मंडळी आहेत इथे.

समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारट, त्यामुळे माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. बांगडा त्यावर उपाय म्हणून समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. शार्क आणि पाकटांची (ताटासारख्या चपट्या, लांब शेपटीच्या माशांची) तऱ्हा वेगळी. आपण लघवीवाटे जो युरिया टाकून देतो, तो ही मंडळी रक्तात मुद्दाम साठवून ठेवतात, दोन टक्क्यांच्या आसपास. आपल्या रक्तात त्याचा विसावा भाग झाला तरी रिपोर्ट बघून घरचे हादरतात. एवढ्या युरियामुळे आतलं आणि बाहेरचं पाणी तोलास तोल राहतं, शरीर सुकत नाही. मात्र युरिया प्रथिनांची घडी मोडतो, म्हणून त्याला उतारा म्हणून ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं आणखी एक द्रव्य असतं.

मासा मेला की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, आणि त्या दुसऱ्या द्रव्यापासून माशाचा तो नेहमीचा उग्र वास तयार होतो. अमोनिया अल्कधर्मी असतो. आंबट लावलं की त्याचा क्षार होतो, क्षार उडत नाही, म्हणून नाकाला लागत नाही. आपल्या आज्यांनी आगळ आणि चिंच लावायला सुरुवात केली ती रसायनशास्त्र न शिकता. पण लक्षात ठेवा, आंबटाने वास दबतो, शिळा मासा ताजा होत नाही.


दर्यावर्दी_मालवण

सर, बरा लिवलात. आमच्याकडे हिका मोरी म्हणतत. ताजी मोरी आसली तर वास येणा नाय. होडयेर पकडल्या पकडल्या पोट साफ करून रगात काढून टाकला आणि बर्फात घातली की दोन दिस काय होणा नाय. बर्फ नाय तर मगे संध्याकाळीच नाक धरूक लागता.

कढत पाण्यात बुडवन कातडी खरवडूची लागता, नायतर सगळी रेव तोंडात. ही रेव म्हणजे काय ता सांगा. खवले तर नाय दिसणत.


हर्णैकर (धागाकर्ता)

दर्यावर्दी, ती रेव म्हणजे दात! अक्षरशः दात. शार्कच्या कातडीवर सूक्ष्म दातांचं आवरण असतं. वर दंतवल्कासारखा कठीण थर, आत दंतिन, त्याच्या आत मज्जेची पोकळी. तोंडातला दात आणि कातडीवरचा कण एकाच घडणीचे. सगळ्यांची टोकं शेपटीकडे, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर कातडी गुळगुळीत लागते, उलटा फिरवला तर सोलून निघतो. पूर्वी सुतार लाकूड घासायला आणि तलवारीच्या मुठी मढवायला हीच कातडी वापरायचे. कणांवर उभ्या बारीक रेघा असतात, त्यांनी पाण्याचा रोध कमी होतो.

पाकटाचा काटा हा याच कणाचा वाढलेला अवतार.


डॉ_अनघा

मुग्धा, बाळंतिणीबद्दल. मुशीला काटे नसतात, मांस पचायला हलकं आणि प्रथिनं भरपूर, म्हणून कोकणात ती बाळंतिणीला देण्याची चाल पडली असावी. पण प्रथिनं तारलीतून, बांगड्यातूनही मिळतात. शार्कचा मुख्य घोळ पाऱ्याचा. लहान मासा मोठ्याच्या पोटात, मोठा त्याहून मोठ्याच्या, असं करत पारा शेवटच्या भक्षकात साठत जातो. शरीर तो सहज टाकत नाही आणि आईच्या दुधातून तो बाळापर्यंत पोचू शकतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांसाठी टाळायच्या माशांची यादी केलीये, त्यात शार्क आहे.

हर्णैकर सरांची ती लहान मुशी थोडी वर्षं जगणारी, तिच्यात पारा साठायला वेळ कमी मिळतो हे खरं. पण बाजारातली मुशी कुठली हे तुम्हाला खात्रीने कळणार नसेल, तर रोज तर नकोच. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी बांगडा सांगितलाय. डॉक्टरचं नाव घेतलं की पुष्कळ वाद मिटतात.


मुग्धा_कोथरूड

हाहा, तेच सांगते. धन्यवाद डॉक्टर.


तर्कटभैरव

पारा-बिरा ठीक. पण शार्कला कॅन्सर होत नाही म्हणतात ना? माझ्या काकांना कुणीतरी शार्कच्या कूर्चेच्या (कार्टिलेजच्या) कॅप्सूल दिल्या होत्या, डबी फार महाग. आणि दुसरं, शार्क पोहायची थांबली की मरते, मग मत्स्यालयात तळाशी पडून राहणाऱ्या शार्क कशा जिवंत असतात?


डॉ_अनघा

कॅन्सर होतो. शार्कमध्ये गाठी सापडल्याच्या नोंदी आहेत, कूर्चेच्या सुद्धा. कॅप्सूलचं फॅड १९९० च्या दशकात अमेरिकेतून पसरलं. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर कूर्चेच्या अर्काची रीतसर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले: आयुष्य वाढलं नाही. काकांना डबी विकणाऱ्याचा धंदा मात्र वाढला असणार.


सई_क्वीन्सलँड

थांबली की मरते हे काही जातींपुरतं खरं. मोठ्या, खुल्या समुद्रातल्या शार्क तोंड उघडं ठेवून पुढे जात राहतात आणि पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहतं. पण तळाशी राहणाऱ्या जाती गालाचे स्नायू हलवून पाणी आत ओढतात. पाकटाला तर डोळ्यांमागे एक भोक असतं, तिथून वरचं स्वच्छ पाणी आत घेतो. तोंड वाळूत असताना तोंडाने श्वास घेतला तर सगळी वाळू कल्ल्यांत जाईल.

आमच्याकडे टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयातली एक झेब्रा शार्क गाजली होती. लिओनी तिचं नाव. आधी नराबरोबर असताना तिला पिल्लं झाली होती. मग नराला वेगळं केलं, आणि काही वर्षांनी, २०१६ मध्ये, तिच्या अंड्यांतून पुन्हा पिल्लं निघाली. जनुकं तपासली तर बापाचा अंशच नाही! ऑस्ट्रेलियात तेव्हा तिच्या विनोदांना ऊत आला होता. अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये छोट्या कानमुशीच्या बाबतीतही हेच झालं होतं.


तर्कटभैरव

म्हणजे नराची गरजच नाही? बायकोला हा धागा दाखवणार नाही.


सई_क्वीन्सलँड

गरज आहे हो. अशा पिल्लांत जनुकांची विविधता राहत नाही. एकटी पडली तरच हा मार्ग. फ्लॉरिडात २०१५ मध्ये मोकळ्या पाण्यातल्या करवत माशांतही अशी बापाविना झालेली पिल्लं सापडली. जोडीदार मिळेनासे झालेत, हेच त्यावरून दिसतं.


गिरगावकर

पाकटाचा विषय निघालाय म्हणून. २०१३ च्या गणपतीत दीड दिवसाच्या विसर्जनाला आमच्या चौपाटीवर पाकटांनी कितीतरी लोकांना डंख मारले होते. मी तेव्हा मंडळाबरोबर पाण्यात होतो. मला नाही लागला, पण शेजारचा तरुण पोरगा ज्या आवाजात ओरडला तो अजून आठवतो. पाय बाहेर काढला तर भोक एवढंसं, आणि तो जमिनीवर लोळत होता. पाकट हल्ला करतं का? आणि तेव्हा चौपाटीवर कुणी लिंबू चोळत होतं, कुणी हळद, नक्की करायचं काय?


हर्णैकर (धागाकर्ता)

पाकट हल्ला करत नाही. ते उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडलेलं असतं. आपण थेट त्याच्या पाठीवर पाय दिला की शेपटी उसळते. काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले दाते असतात, म्हणून तो आत जातो सहज आणि बाहेर येताना मांस फाडतो. खालच्या बाजूच्या खोबणीत विषाची पेशीजाल असते, तिच्यावर पातळ कातडीचं म्यान. काटा घुसताना म्यान फाटतं आणि विष जखमेत उतरतं. काटा तुटला तर नवा येतो.

उपाय म्हणजे पाण्यात पावलं उचलून टाकायची नाहीत, पाय वाळूत घासत चालायचं. धक्का जाणवला की ते स्वतःच पळतं. विसर्जनाच्या गर्दीत, अंधारात, शेकडो पाय धपाधप पडत असतात, त्यात त्या बिचाऱ्याने जायचं कुठे?


डॉ_अनघा

लिंबू, हळद काहीही नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आतबाहेर, पाय तास-दीड तास बुडवून ठेवा. वेदना झपाट्याने उतरते. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा, दुखण्याच्या भरात रोग्याला भाजल्याचं कळत नाही. मग दवाखान्यात जाऊन काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघून घ्यायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर मात्र तो ओढू नका, तसंच रुग्णालयात न्या.

विजेचा झटका देणारी पाकटंही असतात, त्यांचं वेगळं. मोठ्या टॉर्पेडोचा झटका दोनशे व्होल्टपर्यंत जातो. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत मासा कपाळाला लावायला सांगायचा. माझ्या रुग्णांना मी अजून तरी लिहून दिलेलं नाही.


निमिष_ठाणे

सर, पाकट शार्कच्या कुळात कसं? एक लांबुळकं, एक ताटासारखं. आणि आपल्या खाडीचं पाणी इतकं गढूळ, यांना भक्ष्य दिसतं तरी कसं?


हर्णैकर (धागाकर्ता)

निमिष, दोघांचाही सांगाडा हाडाचा नाही, कूर्चेचा. वरून कॅल्शियमच्या क्षारांच्या बारीक चकत्यांचं चिलखत चढलेलं असतं, त्यामुळे ताकद हाडासारखी आणि वजन कमी. दोघांनाही इतर माशांसारखी तरंगत ठेवणारी हवेची पिशवी नाही. शार्कला तिच्या तेलकट यकृताची मदत होते, ते पाण्यापेक्षा हलकं. दुसऱ्या महायुद्धात कॉड लिव्हर ऑइलची आवक थांबली तेव्हा मुंबई, कालिकत आणि त्रावणकोरात सरकारने शार्कच्या यकृताचं तेल काढायला घेतलं, अ जीवनसत्त्वासाठी.

पाकट म्हणजे पोटावर चपटं झालेलं शार्कचं भावंड. छातीचे पंख डोक्याला जोडले गेले आणि कल्ल्यांच्या फटी पोटाखाली गेल्या. फटी कुठे आहेत ते बघा, जात लगेच कळते. करवत मासा दिसतो शार्कसारखा, पण फटी खाली, म्हणजे तो पाकटांच्या बाजूचा. लोकांच्या तोंडी नाव शार्कचं, पण संख्येने पाकटंच जास्त: सहाशेहून अधिक जाती, शार्कच्या पाचशेहून थोड्या अधिक. खोल पाण्यातले कायमेरा नावाचे त्यांचे चुलत मासे धरून हा सगळा परिवार बाराशेच्या आसपास जातो. कोलंबियाजवळच्या समुद्रात तळहातावर मावणारी, अंगातून उजेड देणारी शार्क आहे आणि दुसऱ्या टोकाला अठरा मीटरची देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क.

गढूळ पाण्याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. मुशीचं नाक जवळून बघा, त्यावर काळे ठिपके दिसतील. ती चिकाने भरलेल्या बारीक नळ्यांची तोंडं, दाबली की पारदर्शक चीक बाहेर येतो. १६७८ मध्ये स्तेफानो लोरेन्झिनी या इटालियनाने त्यांचं वर्णन केलं, पण ते कशासाठी आहेत हे कळायला जवळपास तीन शतकं गेली. कुठल्याही प्राण्याचे स्नायू हलले, कल्ले उघडले, की पाण्यात अतिशय क्षीण वीज उमटते. त्या नळ्यांतून शार्क ती ओळखते. १९७१ मध्ये काल्माइन या शास्त्रज्ञांनी एक चपटा मासा अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) कोठीत घालून वाळूत पुरला. दिसत नव्हता, वासाचा माग लागायला वाव नव्हता, तरी शार्क नेमकी त्या जागी येऊन चावा घ्यायची. कोठीवर वीज अडवणारा पातळ प्लास्टिकचा थर टाकला, तर ती वरून तशीच निघून जायची. नुसते वीज सोडणारे विद्युतअग्र पुरले तर त्यांच्यावरच तुटून पडायची. खाडीचा चिखल तिच्या आड येत नाही.


निमिष_ठाणे

खाडीवरून आठवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघरात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका माणसाला शार्क चावली होती, पायाला गंभीर इजा झाली. बातमी वाचून आमच्याकडे सगळे म्हणत होते, शार्क नदीत येणं शक्यच नाही.


हर्णैकर (धागाकर्ता)

शक्य आहे. ती बुल शार्क असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, आणि ती जात गोड्या पाण्यात सहज शिरते. आत शिरली की रक्तातला युरिया कमी करते, मूत्रपिंडं पाणी बाहेर फेकत राहतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली पाकटं तर पुरती गोड्या पाण्याची झालीत, त्यांनी युरिया साठवणं सोडूनच दिलंय. त्या माणसाच्या वाट्याला आलं ते भयंकरच, पण त्यावरून खाडीला घाबरायचं कारण नाही. विनाकारण चावल्याच्या घटना २०२४ मध्ये सबंध जगात ४७ नोंदल्या गेल्या.

नदीत शिरणारी आणखी एक जात आहे, गंगेच्या नावाची. नामशेष झाली की काय अशी शंका होती. २०१६ च्या फेब्रुवारीत त्या जातीची २६६ सेंटिमीटरची मादी मुंबईत ससून डॉकला उतरवली गेली. अभ्यासकांची नजर पडली म्हणून नोंद झाली, नाहीतर मुशी म्हणून तुकडे होऊन गेली असती.


पूर्वा_डोंबिवली

मग कायद्याचं काय? मूळ भांडण तिथेच होतं.


हर्णैकर (धागाकर्ता)

सरसकट बंदी नाही. २००१ मध्ये देवमुशी, करवत मासे, ही गंगेची शार्क, पाँडिचेरी शार्क आणि काही पाकटं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात, आली. २०२२ च्या दुरुस्तीने यादी बरीच वाढली. २०१३ पासून पंख कापून धड समुद्रात फेकायला मनाई आहे आणि २०१५ पासून पंखांची निर्यात बंद. आपली छोटी मुशी विकायला, खायला आडकाठी नाही.

देवमुशीच्या बाबतीत गुजरातने करून दाखवलं. तिथे यकृताच्या तेलासाठी ती मारली जायची, ते तेल होड्यांना लावायचे. २००४ पासून मोहीम झाली, कथाकार मोरारी बापूंनी तिला 'व्हाली' म्हणजे लाडकी, जणू आपली लेकच, म्हटलं, आणि तेच मच्छीमार जाळी कापून तिला सोडू लागले. आपल्याकडेही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, फोटो-व्हिडिओचा पुरावा ठेवावा लागतो.


तर्कटभैरव

४५ कोटी वर्षं टिकलेला प्राणी. झाडं उगवायच्या आधीपासून आहे म्हणतात. पाच महासंहार पचवले. त्याला आमच्या ताटातल्या दोन तुकड्यांनी काय होणार? उगीच बाऊ.


हर्णैकर (धागाकर्ता)

भैरव, महासंहार पचवले ते पूर्ण वंशाने, प्रत्येक जातीने नव्हे. आणि तेव्हा ट्रॉलर नव्हते. ज्या सावकाशीवर त्यांचं सगळं बेतलेलं आहे, तीच आता अंगाशी येतेय. ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यातल्या भिंगाचं वय २०१६ मध्ये काढलं, सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. ती वयात येते दीडशेच्या सुमारास. मांटा पाकटाला एका वेळी एक पिल्लू होतं, तेही काही वर्षांच्या अंतराने. अशा प्राण्याला सुरमईच्या हिशेबाने पकडलं तर खातं रिकामं होणारच. खुल्या समुद्रातल्या शार्क-पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटलीय. सगळ्या जाती धरल्या तर एक तृतीयांशाहून अधिक धोक्यात आहेत आणि मुख्य कारण मासेमारीच.

म्हणून तर मी सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. हातभर पूर्ण वाढलेली मुशी दरवर्षी पिल्लं देणारी आहे, तिच्यावर भार पडतोय पण ती काही काळ तग धरते. तेवढ्याच लांबीचं कानमुशीचं पिल्लू वयात यायला कित्येक वर्षं लागणार. ताटात तुकडे सारखेच दिसतात.


दर्यावर्दी_मालवण

सर, तुमचा पटता. पण आमची अडचण आयका. जाळ्यात काय येतला ता आम्ही ठरवणव नाय. बारकी कानमुशी जाळ्यात येता ती बहुतेक मेलेलीच. मेलेली परत टाकून कोणाचा भला? वर मोठ्या जाळ्याचे पर्ससीनवाले सगळा ओढून नेतत, आमच्या वाट्याक उरता तेच आम्ही विकतव. गोव्याच्या हाटेलवाल्यांक बारकी मोरीच होयी, टुरिस्टांका प्लेटीत बरी दिसता. भाव तेनी वाढवलो.

आणि एक विचारूचा रवला. रापणीच्या जाळ्यात वागळी येता तेव्हा किनाऱ्यार ओढता ओढता पिलां टाकता. बारकी, आवशीसारखीच, शेपटी गुंडाळलेली. कधी जिवंत आसतत. ती जगतत काय?


हर्णैकर (धागाकर्ता)

दर्यावर्दी, मेलेलं परत टाकून उपयोग नाही, हे बरोबरच. जाळं टाकायची जागा आणि वेळ बदलता येते तिथे बोलणं व्हायला हवं, तुमच्यासारख्यांना बरोबर घेऊन.

वागळीचं, म्हणजे पाकटाचं. जाळ्यात सापडल्यावर, ओढाताणीत मादीची पिल्लं वेळेआधी पडतात, हे बऱ्याच जातींत होतं. पोटात ती वारेवर वाढत नाहीत. गर्भाशयाच्या आतून बारीक तंतूंची मखमल असते, तिच्यातून चरबी-प्रथिनांनी दाट असा दुधी रस पाझरतो आणि पिल्लं तो पितात. पडलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लोंबत असेल तर ते फार आधी आलंय, जगणं कठीण. पिशवी आत गेलेली, अंग पुरतं भरलेलं आणि डोळ्यांमागची भोकं उघडझाप करत असतील, तर लगेच पाण्यात सोडा, आशा आहे. शेपटीला धरून उचलू नका, दोन्ही पंखांखाली हात घालून किंवा सरळ ओल्या गोणपाटावर घेऊन कंबरभर पाण्यात न्या. आईसुद्धा जिवंत असेल आणि विकायची नसेल तर तीही तशीच, फक्त शेपटीपासून दूर उभं राहून. रापणीची हीच एक बरी बाजू, मासा बाहेर येतो तेव्हा बऱ्याचदा जिवंत असतो. ट्रॉलरवर ती सोय नाही.


दर्यावर्दी_मालवण

गोणपाटाचा बरा सांगितलात, आमची पोरां शेपटेकच धरतत. उद्या रापण आसा, सांगतंय तेंका.


मुग्धा_कोथरूड

सर, बाळंतिणीला बांगडा ठरला, पण बाकी घराला मुशीच हवी आहे. कोथरूडात माशांच्या दुकानात डोकं-शेपटी कापून, कातडी काढून तुकडेच मिळतात. नाळ कुठे बघू?


हर्णैकर (धागाकर्ता)

कापलेली घेऊ नका. अख्खी दाखवा म्हणा, समोर कापून घ्या. आधी नाक आणि पाठीचा मागचा पंख बघायचा, मग उताणी करून पोट. नेहमीची मुशी निघाली, नाक पसरट, नाळेचा व्रण बुजलेला आणि कल्ल्यांना वास नसेल, तर खुशाल घ्या. दुकानदार अख्खी दाखवायला तयार नसेल तर त्या दिवशी बोंबील आणा.